चांद्याचं अडलेलं शटर

५ जून २०२०, शुक्रवार. सकाळी साडेसातला अण्णा आणि मी आमच्या गॅरेजसमोर उभे होतो. शटर जमिनीपासून दीड फूट वर आलं आणि अडलं. वर जाईना, खाली येईना. डावी बाजू वर, उजवी चार बोटं खाली. अण्णांनी हँडल धरून हिसका दिला तेव्हा वरून खाडकन आवाज आला आणि ते आणखी तिरकं झालं.

चांदे हे मुळशी तालुक्यातलं गाव. नांदे अगदी शेजारी, म्हणून लोक एका दमात 'नांदे-चांदे' म्हणतात. माण-हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये कामाला जाणारी पोरं, लवळ्याच्या कॉलेजची पोरं आणि गावातले दूधवाले ही आमची गिऱ्हाइकं. एक गाळा, दहा फुटी शटर, आत तीन गाड्या मावतात. मार्चमध्ये जनता कर्फ्यूच्या आदल्या रात्री ते खाली ओढलं, ते अडीच महिने तसंच. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून आमच्या अंगावर. मुळशी-मावळात पत्रे उडाले, विजेचे खांब झोपले. आमचं छत राहिलं. शटरचं काय झालंय ते दोन दिवसांनी कळलं.

आत एका सिस्टरची स्कूटर होती. पौडच्या सरकारी दवाखान्यात ड्युटी. इंजिन उघडून ठेवलेलं आणि पार्ट लॉकडाऊनमध्ये अडकलेला. अडीच महिने त्या कधी दुधाच्या टेम्पोतून, कधी भावाच्या मागे बसून ड्युटीला गेल्या होत्या. पार्ट आदल्या संध्याकाळी आला होता. दीड फुटातून मी सरपटत आत जाऊ शकत होतो, स्कूटर बाहेर येऊ शकत नव्हती.

नेहमीच्या शटरवाल्याला फोन लावला. तो श्रमिक स्पेशलनं उत्तर प्रदेशात गावी गेलेला. बिचाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाला, "खींचना मत, भैया."

मी इतिहासात एम.ए. केलंय. त्याचं काय करायचं हे अण्णांना अजून कळलेलं नाही आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी मलाही कळत नव्हतं. पण तो दिवस आणि नंतरचे काही महिने मी या एका गोष्टीच्या मागे लागलो. दार चालतं ठेवण्याचं काम आपल्याकडे कुणाचं होतं आणि त्याला त्याबद्दल काय मिळायचं?

•

आधी शब्दापासून सुरुवात करतो. मी फोनवर इंग्रजीत 'गॅरेजचं दार अडलं तर' असं शोधलं. जे व्हिडिओ आले त्यांत लांबरुंद घरं, घराला चिकटलेली खोली आणि रुळांवरून वर सरकत छताशी आडवं होणारं दार. असं वर उचललं जाणारं दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली आणलं आणि १९२६ साली त्याला विजेची मोटर जोडली. फोर्डच्या गाड्या घरोघरी पोचल्या होत्या, त्यामुळे गाडीला रात्री झोपायला खोली लागत होती.

'गॅरेज' हा शब्द मुळात फ्रेंच, आणि त्यात गाडी सुरक्षित जागी ठेवण्याचाच अर्थ आहे. मराठीत आल्यावर तो पालटला. तुम्ही आईला 'गाडी गॅरेजला आहे' असं सांगितलंत तर ती विचारते, 'काय झालं गाडीला?' आपल्याकडे गॅरेज म्हणजे दुरुस्तीची जागा. याचं कारण सरळ आहे. गाडीसाठी वेगळी खोली असणारे लोक आपल्याकडे मूठभर. पूर्वी घोड्यांना पागा होती, गाड्यांना गाडीखाना. पुण्यात शुक्रवार पेठेत गाडीखाना हे नाव अजून टिकून आहे, गाड्या कधीच गेल्या. नंतर प्रभात रोडसारख्या भागातल्या बंगल्यांमागे मोटारीसाठी खोल्या झाल्या. बाकीच्यांनी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावला आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. जी गाडी इतकी वाट बघून मिळते ती जन्मभर दुरुस्त करत वापरायची असते. म्हणून शब्द झोपायच्या खोलीकडून दुरुस्तीच्या गाळ्याकडे सरकला, असा माझा अंदाज आहे.

आणि गाळ्याला दार नसतं, शटर असतं. त्यामुळे ते अमेरिकन व्हिडिओ आमच्या काही कामाचे नव्हते.

•

शटर यायच्या आधी दुकानाला फळ्या असायच्या. जुन्या पेठांमध्ये, तालुक्याच्या बाजारात अजून एखादं दुकान तसं सापडतं. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच असते. रात्री एकेक फळी त्या खाचेत उभी करून सरकवायची, शेवटच्या फळीला कडी-कोयंडा आणि कुलूप. फळ्यांवर आकडे घातलेले असत, कारण प्रत्येक फळी आपापल्याच जागी बसते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की सातवी फळी आठवीच्या जागेत शिरत नाही आणि दुकानदार भर पेठेत तिला लाथा घालत उभा राहतो.

फळ्या लावून झाल्या की दुकान 'बंद' झालं असं म्हणत नसत. दुकान 'वाढवलं' म्हणत. बांगडी फुटली की 'वाढवली', नारळ फोडला की 'वाढवला', तसंच. माझी आजी शेवटपर्यंत अण्णांना विचारायची, "वाढवलंस का रे?" शटर आलं तरी शब्द फळ्यांच्याच काळातला राहिला. आता मात्र 'शटर डाऊन' म्हणतात. बंदच्या दिवशीचं 'अर्धं शटर' हा तर आपला खास शोध आहे. बाहेरून दुकान बंद, आतून चालू. लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात कितीतरी किराणा दुकानं कमरेएवढ्या शटरखालून चालली.

लंडनमध्येही आधी हेच होतं. दुकानातली उमेदवार पोरं रोज रात्री लाकडी फळ्या लावायची आणि सकाळी काढून आत रचायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं गुंडाळली जाणारी लोखंडी झडप आली. पोराची रोजची मेहनत गेली आणि तिच्या जागी यंत्र आलं.

हे यंत्र कसं चालतं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि ज्या गाळ्यात मी वाढलो त्याच्या दाराबद्दल हे कबूल करायला लाज वाटते. साधारण तीन इंची पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून पडदा केलेला असतो. पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीवरच्या गाईडमध्ये, म्हणजे लोखंडी पन्हळीत, खालीवर सरकतात. वर डब्यात एक जाड पाइप आडवा असतो. त्यावर ओतीव लोखंडाच्या चकत्या, आणि प्रत्येक चकतीच्या पोटात घड्याळासारखी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग. शटर खाली ओढता तेव्हा तुम्ही त्या स्प्रिंगला पीळ देत असता. वर ढकलताना ती तो पीळ परत देते. म्हणूनच कुणी किरकोळ अंगाचा माणूसही इतकं वजन एका हातानं उचलतो. शटर एकाएकी जड लागायला लागलं तर पीळ उतरलाय किंवा स्प्रिंग तुटलीय असं समजावं. तिला मात्र हात लावू नये. बंद शटरची स्प्रिंग म्हणजे ताणलेली गलोल आहे, डबा उघडणाऱ्याचं बोट ती सहज घेऊन जाते. ते काम शटरवाल्याचंच.

लोखंडी शटरसाठी आपल्याकडे सरकारी मानकही आहे, भारतीय मानक ६२४८. आमचं शटर त्यात बसतं की नाही हे मी अण्णांना विचारलं नाही. ते नव्वदच्या दशकात भोसरीतून आलं, एवढंच त्यांना आठवतं. तोवर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांभोवती वेल्डिंगची दुकानं गल्लोगल्ली झाली होती. हिंजवडीला आयटी पार्क आलं, रस्त्याकडेच्या शेतांत गाळे उभे राहिले आणि प्रत्येक गाळ्याला एक शटर लागलं.

•

आठच्या सुमारास तात्या आले. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, हातात कापडी पिशवी. तात्या सुतार आहेत, तेव्हा पंच्याहत्तरीचे असतील. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अण्णांच्या हिसक्याचा आवाज त्यांच्या ओट्यापर्यंत गेला होता.

"त्याला कशाला मारतोस?" ते अण्णांना म्हणाले. "त्याचं काय चुकलं? चौकट बघ की."

मला वाटलं, लाकडाचा माणूस लोखंडाला लाकूड समजतोय. पण ते बरोबर होते, आणि त्यांना ते कुठून कळलं हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

लाकडाचं दार पावसाळ्यात का अडतं? लाकूड आडव्या अंगानं फुगतं, उभ्या अंगानं जवळजवळ नाही. म्हणून दार उंचीला तेवढंच राहतं आणि रुंदीला वाढतं. चांगला सुतार दार करतानाच मधल्या फळ्या कडेच्या खाचेत सैल ठेवतो, म्हणजे त्यांना फुगायला जागा मिळते. तरीही अडलंच तर चौकटीला गेरू फासायचा, दार लावून उघडायचं, आणि जिथं लाल डाग उमटला तिथंच रंधा मारायचा. घाईनं सगळी कड तासली तर उन्हाळ्यात फटीतून मांजर जाते. थोडंच अडत असेल तर रंध्याचीही गरज नाही, मेणबत्ती घासली तरी भागतं. आणि एक प्रकार असा की दार बरोबर असतं, घर सरकलेलं असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, कोपरा खचतो आणि चौकट काटकोनातून जाते. अशा दाराला कितीही रंधा मारा, पुढच्या वर्षी ते पुन्हा अडणार.

हे ज्ञान गावात एका घराकडे असे, आणि त्याचा मोबदला रोखीत नसे. सुतार आणि लोहार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतले. वर्षभर नांगर, कुळव, गाडी, दार, जे मोडेल ते दुरुस्त करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा. तुमच्या भाषेत सांगायचं तर गावाची वार्षिक देखभालीची एएमसी. त्यात एक शहाणपण होतं. दार वर्षातून एकदा अडो की दहा वेळा, सुताराला मिळायचं तेवढंच, म्हणून ते अडू नये यातच त्याचा फायदा. आजच्या शटरवाल्याचं उलटं आहे. अडलं तरच त्याचं घर चालतं.

इथवर आलो की माझ्यासारख्याला त्या व्यवस्थेच्या प्रेमात पडायचा मोह होतो. इंटरनेटवर तशा पोस्टी भरपूर फिरतात, 'पूर्वी गाव कसं स्वयंपूर्ण होतं' वगैरे. त्या वाचताना एक साधा प्रश्न विचारावा. या करारातून बाहेर पडायची सोय होती का? नव्हती. सुताराचा मुलगा सुतारच. वाटा किती, तो कधी, कशा शब्दांत मिळणार, हे खळ्याचा मालक ठरवणार. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं तेव्हा ते काही या वतनदारीचे भाट नव्हते. पिढीजात हक्कानं कामाचा कस कसा जातो यावर त्यांनी चांगलेच कोरडे ओढले आहेत.

दारांच्याच इतिहासात याचं सगळ्यात उघडं उदाहरण आहे. गावाला कूस असे, कुसाला वेस. वेशीची राखण करायची, रात्री दार लावायचं, हे काम वेसकराचं, आणि वेसकर महार असे. त्याचं स्वतःचं घर महारवाड्यात, त्याच कुसाबाहेर. रोज रात्री ज्या गावाचं दार तो राखायचा त्या गावाच्या आत त्याला राहायला जागा नव्हती. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच प्रकारच्या कामाबद्दल, ज्यात वेळेची मर्यादा नाही आणि मोबदल्याची खात्री नाही. चांद्याला वेस होती का, असं मी दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारलं. एकानं रस्त्याच्या वळणाकडे बोट केलं. तिथं आता फ्लेक्स लागतो.

सुताराचं बलुतं मोडलं ते बहुतेक दारामुळे नाही, नांगरामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी आधी तो घेईनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे नांगर पटले. त्याच सुमारास दाराचं लोखंडही गावाबाहेरून यायला लागलं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ पासून मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली होती. लाकडी नांगर गेला की सुताराच्या वर्षभराच्या कामातला मोठा हिस्सा जातो, आणि मग उरलेल्या दाराखिडक्यांसाठी खळ्यावर वाटा कोण ठेवणार? गावागणिक हे वेगवेगळ्या वर्षी झालं असणार. आमच्याकडे ते तात्यांच्या वडिलांच्या हयातीत झालं.

•

तात्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. पितळी लोळा आणि दोरा. मी सरपटत आत गेलो. आतून टॉर्च मारल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे कुंभारीण माशीची घरं. अडीच महिने गाईड हललं नव्हतं, तेवढ्यात तिनं मातीची चार-पाच घरं आत लिंपली होती. त्याखाली गंज. वर डब्याजवळच्या चार पट्ट्यांच्या उजव्या कडा गाईडमधून निसटून बाहेर आलेल्या. वाऱ्यानं पडदा आत फुगवला, कडा ओढल्या गेल्या, आणि आता त्या गाईडच्या ओठाला अडत होत्या.

"पट्ट्या सुटल्यात तात्या," मी आतून ओरडलो.

"त्या सुटणारच. का सुटल्या ते बघ."

त्यांनी बाहेरून डाव्या गाईडला ओळंबा लावला. दोरा वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर. उजव्या गाईडला लावला तर वरच्या टोकाला जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक. उजवा खांब बाहेरच्या अंगाला कलला होता. का, ते बघायला लांब जायला नको होतं. रस्त्याकडेला पाण्यासाठी चर खणलेला होता, खांबाच्या बुडाला लागून. दोन पावसाळे त्यात पाणी साठलं, माती खाली बसली, खांब तिकडे झुकला. दोन गाईडमधलं अंतर वर वाढलं आणि पट्ट्यांची पकड कमी झाली. वादळ फक्त शेवटचा धक्का होतं. खरं तर गेलं वर्षभर शटर वर नेताना खरखर करत होतं आणि आम्ही दर महिन्याला ग्रीस फासत होतो. ग्रीसला धूळ चिकटते आणि तिचीच लापी होते, हे तात्यांनी सांगितलं तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्यांच्या गाड्यांच्या चेनबद्दल हेच वाक्य ते रोज गिऱ्हाइकांना सांगतात.

मग काम सुरू झालं. आधी उजव्या बाजूला खाली जॅक लावून शटर हळूहळू डावीच्या पातळीला आणलं. माशीची घरं खरवडून काढली, तारेचा ब्रश, रॉकेल, मग कोरडं फडकं. उजव्या गाईडचे वरचे बोल्ट सैल केले. तो ढिला झाल्यावर मी आतून स्टुलावर उभा राहून एकेक पट्टी परत पन्हळीत घातली. चारांतल्या दोन गेल्या, तिसरीचं टोक वाकलं होतं ते पक्कडीनं सरळ केलं. चौथीला अर्धा तास गेला. त्यानंतर तात्यांनी पिशवीतून सागवानी पाचरी काढल्या. जुन्या चौकटीच्या तुकड्यातून केलेल्या, एका टोकाला पातळ. गाईड आणि खांब यांच्या मधल्या फटीत, वर जाडसर, खाली पातळ, अशा तीन पाचरी ठोकल्या आणि प्रत्येक ठोक्यानंतर ओळंबा पाहिला. खांब कललेलाच राहिला, गाईड सरळ झालं. बोल्ट आवळले. गाईडच्या आतून मेणबत्ती फिरवली.

अकरा वाजून गेले होते. "आता तू," तात्या मला म्हणाले. मी एका हातानं शटर ढकललं आणि ते वर गेलं. आवाजही फारसा नाही. अण्णांनी ते तीन वेळा खालीवर करून पाहिलं. दुपारी पाऊणला सिस्टर चालत आल्या, स्कूटर सुरू करून आवाज ऐकला, आणि पौडच्या दिशेनं गेल्या. तो चर आम्ही पुढच्या रविवारी मुरूम टाकून बुजवला.

शटरवाला डिसेंबरात परत आला. पाचरी पाहून हसला, म्हणाला लोखंडी पॅकिंग वेल्ड करून देतो. दिलंही. पण वरची पाचर त्यानं काढली नाही, ती हलत नाही म्हणाला.

•

त्या शुक्रवारी संध्याकाळी अण्णांनी मला तात्यांच्या घरी पाठवलं. सोबत आंबेमोहराची दहा किलोची पिशवी, आमच्या शेतातला. अडीच महिने धंदा बंद होता, गल्ल्यात काही नव्हतं, पण ते खरं कारण नसावं. गावात आपल्या माणसानं केलेल्या कामाचे पैसे देणं अण्णांना उद्धटपणाचं वाटतं.

तात्या ओट्यावर बसले होते. पिशवी बघून म्हणाले, "हे काय?"

"अण्णांनी दिलाय. आंबेमोहर."

"ने परत."

मला वाटलं, संकोच करतायत. मी पिशवी खाली ठेवायला लागलो.

"अरे, ने म्हणतो ना." आवाज चढला नव्हता. "माझा बाप सुगीला टोपलं घेऊन खळ्यावर उभा राहायचा. सकाळपासून. कुणी आधी बैलांना वैरण घालणार, कुणी जेवून येणार, मग याला टोपल्यात घालणार. मी बघितलंय. मी रंधा धरला तवाच ठरवलं, दाण्यावर काम करायचं नाही. तुझ्या बापाला सांग, पाचशे झाले."

माझ्याकडे रोख नव्हती. एटीएम बंद होतं. त्यांनी आतून नातवाला हाक मारली, त्यानं फोन आणला, मी स्कॅन करून पाचशे टाकले. तात्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरून आकडा वाचला, आणि नातवाला परत दिला.

"खाली घेताना खरखर येते का अजून?" त्यांनी विचारलं.

"थोडी येते, डाव्या अंगाला."

"उद्या बघतो," ते म्हणाले. "त्याचे पैसे नाहीत."